मधल्या खोलीतला समुद्र

मंगळ. ९ जाने. ९६

झालं ते असं:

१. कार्तिकात रत्नागिरीच्या एक बाई यजमानांच्या श्राद्धासाठी आल्या आणि आमच्याकडे उतरल्या. त्यांच्या घराण्याचे इथले उपाध्ये नाना, म्हणजे माझे वडील. बाईंबरोबर त्यांचा भाचा होता, विनय. तिकडे माशांच्या प्रयोगशाळेत काम करतो.
२. परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला लग्नाचं विचारलं. बालाजी घाटावर, चपला हातात घेऊन.
३. मी म्हटलं, मी एकुलती एक. नोकरी इथल्या लॅबमध्ये. काशी सोडणार नाही.
४. त्याने इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या जागेला अर्ज टाकला.
५. मी काचवाल्याकडून टाकी करून घेतली आणि मिठाचं पाणी तयार केलं. ही त्याची कल्पना. टाकीला हो मी म्हटलं.
६. काल त्याची मुलाखत झाली. येताना खडकांतल्या डबक्यांतलं घेऊन आला: दोन पट्टेरी मासे, मूठभर गोगलगायी, एक समुद्रफूल. सगळं जिवंत पोचलं.
७. आज गेला. स्टेशनवर म्हणाला, "मी समुद्राशिवाय कधी राहिलेलो नाही. हे तुमच्याकडे टिकलं तर मीही टिकेन." हसला. मी हसले नाही.

जागा मिळाली तर मार्चअखेरपर्यंत त्याला हो-नाही कळवावं लागेल.

आई-नानांना एवढंच माहीत आहे की पाहुण्याने मासे दिले.


गुरु. ११ जाने.

कोहरा, म्हणजे दाट धुकं. गल्लीच्या तोंडापलीकडे काही नाही. लॅबमध्ये निम्मे लोक उशिरा.

टाकी मधल्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून. दुसरीकडे सपाट जमीन नाही. वि. (विनय असं दर वेळी लिहिणार नाही) ने तपासणीचं सामान दिलंय: बाटल्या, नळ्या, रंगांचा तक्ता. अमोनिया ०. नायट्राइट ०. नायट्रेट थोडं, चालेल. पीएच ८.२. क्षार बरोबर.

हे शून्य सहज आलेलं नाही. नव्या पाण्यात आधी अमोनिया चढवायचा, मग तो खाणारे जंतू वाढेपर्यंत थांबायचं. त्यासाठी वि. म्हणाला होता, कोळंबीचा तुकडा टाकून कुजू द्या. देवघराच्या भिंतीशी. मी त्याऐवजी कल्हईवाल्याकडून नवसागर आणला (त्यातही अमोनियाच), दोनदा स्फटिक करून शुद्ध केला, तोलून टाकला. आईला वाटलं मीठच आहे.

संध्याकाळी खोलीतली बत्ती मालवली. टाकीवरची दिव्याची नळी तेवढी चालू. छतावर पाणी हलत होतं. नाना जप करायला तिथेच येऊन बसले.


रवि. १४ जाने.

संक्रांत. आईने काचेसमोर तिळगूळ ठेवला. शेजारच्या बायकांना सांगत होती, "लोक कुत्रं पाळतात, आमची पाणी पाळते."

टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं. मीठ उडत नाही. म्हणून वरून भर घालायची ती बिनमिठाच्या, शुद्ध पाण्याची. डिस्टिल्ड. लॅबचं आणत नाही, ते लॅबचं आहे. मैदागिनच्या रस्त्यावर मोटारीच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे, तिथून डब्बा आणते. आज दुकानदाराने विचारलंच, "कवन गाड़ी हौ दीदी? बड़ा पानी पीयत हौ।" म्हटलं, बड़ी गाड़ी है। तो बराच वेळ हसत होता.

काचेवर रेघ मारली आहे. आईला दाखवलं: मी लॅबमध्ये असते, तू दुपारी रेघेपर्यंत भर घाल. या डब्ब्यातलं. तिने डब्ब्यावरचं बॅटरीचं चित्र बघितलं आणि मान हलवली.


बुध. १७ जाने.

समुद्रफूल पूर्ण उघडलं. तपकिरी, टोकांना जांभळट. वारा नसताना शेत हलावं तसं हलतं. मासे त्याच्यापासून लांब राहतात.

बघत बसले. चहा गार झाला. आई म्हणाली, "पाण्यात काय लिहिलंय एवढं?"


शनि. २० जाने.

पहाटेचं स्वप्न. घाटाच्या पायऱ्या उतरतेय. पाण्याखालच्या पायऱ्यांना शिंपल्या चिकटलेल्या. नाना नेहमीसारखे कमरेइतक्या पाण्यात. ओंजळ तोंडाजवळ नेली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, खारट आहे. रागाने नाही. आज भाजीत मीठ जास्त आहे म्हणतात तसं. मग पाणी मागे गेलं, पार पलीकडच्या वाळूपर्यंत, आणि नाना कोरड्या पायऱ्यांवर उभे. येईल परत, म्हणाले.

मी समुद्र पाहिलेला नाही. वि. ने सांगितलंय की तो दिवसातून दोनदा जातो आणि दोनदा येतो. हे मला पाठ्यपुस्तकातून माहीत होतं. सांगितल्यावर वेगळं वाटलं.


मंगळ. २३ जाने.

आठवड्याचं कार्ड टाकलं. अमो. ०, नाय. ०, पीएच ८.१, क्षार बरोबर. त्याने एवढंच मागितलंय, मी एवढंच लिहिते. पोस्टकार्ड कोणीही वाचू शकतं.

त्याचं आलं. ओहोटीच्या वेळा लिहिल्यात, दुसरं काही नाही. का लिहिल्या, विचारलं नाही. त्या वेळेला घड्याळ बघितलं गेलं, हे खरं.


सोम. २९ जाने.

सकाळी बत्ती गेली ती दुपारी आली. हवेचा पंप बंद. आज लॅबला सुट्टी टाकली आणि वाटीने पाणी उचलून परत ओतत बसले. वाटी, ओतणं, वाटी, ओतणं. मध्येच डोळा लागला असावा, कारण हात चालू होता आणि मी दुसरीकडेच होते. नानांनी वाटी काढून घेतली. "तू ऊठ. अभिषेकाची सवय मला आहे." सहस्रनाम म्हणत ओतत राहिले. मासे त्यांच्या हाताला भीत नाहीत.


शुक्र. २ फेब्रु.

एक गोगलगाय उलटी पडलेली. बाहेर काढली. वास. गेली.

अमो. ०, नाय. ०. एखादी जातेच.


मंगळ. ६ फेब्रु.

आणखी गोगलगायी. कार्ड टाकलं. आकडे तेच, कारण आकडे तेच आहेत.

त्याला नेमणुकीचं पत्र मिळालं. उत्तरासाठी ३१ मार्चपर्यंत मुदत. कार्डाच्या शेवटी: "फूल कसं आहे?"


गुरु. ८ फेब्रु.

फूल सकाळी उघडलं नाही. दुपारी अर्धं. आई म्हणते थंडी आहे, त्यालाही गोधडी लागत असेल. तापमान बघितलं, नीट आहे.


रवि. ११ फेब्रु.

सगळं पुन्हा तपासलं. नळ्या नव्याने धुतल्या, तक्ता उजेडात नेऊन बघितला, नाना म्हणाले तुझ्या डोळ्यांवर भरवसा नाही का, म्हणून त्यांनाही रंग जुळवायला लावला. त्यांनी माझ्याच चौकटीवर बोट ठेवलं. ०.

सगळं बरोबर आहे आणि फूल आवळत चाललंय. बोरापेक्षा थोडं मोठं. पायाने काच धरून आहे. मासे मात्र धडधाकट, खायला मागतात.

आपल्याला जे तपासता येतं तेच तपासतो आपण. हे वाक्य लॅबमध्ये मी नव्या मुलींना सांगते.


मंगळ. १३ फेब्रु.

कार्डाचा दिवस. लिहिलं: अमो. ०, नाय. ०, पीएच ८.१. प्रत्येक आकडा खरा. "फूल कसं आहे" याला उत्तर लिहिलं नाही. पेटीपर्यंत गेले. परत आणलं. फणीच्या डब्ब्याखाली आहे.

टाकलं तर तो येईल. बहुधा. आणि आकडे खोटे नाहीत.


शनि. १७ फेब्रु.

महाशिवरात्र, लॅब बंद. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून घरीच. दुपारी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. उपासाने जरा हलकं वाटत होतं, झोप नाही, जाग नाही. छतावर पाणी हलत होतं.

आई पूजा आटपून आली. ओचा खोचलेला, कडेवर तांब्याची कळशी. मी बसलेय हे तिने बघितलं नाही. झाकण बाजूला करून धार धरली, बारीक, आवाज न करता, रेघेपर्यंत. वर म्हणाली, "घ्या. प्या."

मी म्हटलं, आई, हे काय?

दचकली नाही. "भर घालतेय. तूच सांगितलीस."

"डब्ब्यातलं सांगितलं होतं."

"त्यानं फरशी पुसते. बॅटरीचं पाणी जिवांना घालायचं? इतक्या लांबून आलेले ते. नाना पहाटे गंगा आणतात ना, त्यातलं रात्रभर निवळलेलं घालते. आपल्याकडे याहून चांगलं काय आहे?"

पहिल्या दिवसापासून. कळशी ती रोज चिंचेने घासते. आतून बाहेरून लखलखीत, आरसा. पाण्याच्या भांड्याला कल्हई नसते.

तिच्या हातातून कळशी घेतली आणि जागेवर ठेवली. जड होती.


सोम. १९ फेब्रु.

साहेबांना विचारून लॅबमध्ये थांबले. टाकीचं पाणी एका नळीत, ताजं बनवलेलं मिठाचं पाणी दुसरीत, कळशीतलं तिसरीत. तांब्यासाठीचा अभिकर्मक घातला, जितकं तांबं तितका रंग चढतो. ताजं: रंग नाही. टाकी: पिवळट. कळशी: पिवळं, तपकिरीकडे झुकलेलं.

माणसाने प्यायला काही हरकत नाही इतकंच. मासे सोसतात. ज्यांना कणा नाही त्यांना सोसत नाही. आणि पाणी उडून जातं, तांबं जात नाही. रोजच्या धारेबरोबर जे आलं ते सगळं टाकीतच राहिलं. वि.च्या सामानात तांब्याची बाटली नाही. समुद्रकाठी कोणाला सुचेल? मला सुचायला हवं होतं. मी त्याच कळशीचं पाणी पिऊन वाढले.

बाहेर आले तर संध्याकाळ अजून उरली होती. चालत आले. घाटावरून, लांबून. पाणी स्थिर दिसत होतं, वाहत होतं.


मंगळ. २० फेब्रु.

मिठाचं नवं पाणी बादलीत तयार केलं. नव्या डब्ब्यातलं, डब्बा मी उशाशी ठेवते. फूल काचेवरून सोडवायला सकाळ गेली. बोटाच्या नखाने, पायाखाली, अगदी हळू. आधी हातात काहीच लागत नव्हतं, मग अचानक सुटून आलं. वजन नाही.

टाकीचं पाणी निम्मं काढून बदललं. निम्मं परवा.

जेवताना सांगितलं. नेमके शब्द: तांबं उतरलंय, त्याने गोगलगायी मेल्या, फूलही मरेल कदाचित.

नानांचा हात थांबला. मी इथल्या नदीच्या पाण्याच्या बाटल्या तपासण्याची नोकरी करते. नाना त्याच पाण्यात रोज पहाटे उतरतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला आकडा विचारलेला नाही आणि मी सांगितलेला नाही. आज विचारलं, "दोष पाण्याचा का?"

"भांड्याचा," मी म्हटलं.

बघत राहिले. मग भात कालवला. हे उत्तर खरं आहे. या प्रश्नापुरतं.

आई उठून गेली होती. मोरीशी उभी. मी गेले तर पाठ वळवूनच म्हणाली, "म्हणजे तो येणार नाही."

मी माझं ताट मोरीत ठेवलं.

"तू सांगितलं नाहीस म्हणून मला कळत नाही होय? बारा गावचे यात्रेकरू उतरवलेत या घरात. मासे देऊन कोण जातं?"

ताट विसळत, "म्हणून तर गंगा घालत होते गं. नीट व्हावं म्हणून."

तिचे हात ओले होते, मी पंचा दिला.


रवि. २५ फेब्रु.

शेवटच्या दोन गोगलगायीही गेल्या. आता एकही नाही.

फूल बादलीत. मिटलेलं. मेलेलं असेल तर विरघळायला लागेल, वास येईल. वास नाही. काठीने हलकं टोचलं तर आवळतं. आवळण्यासारखं फार उरलं नाही.

आई बादलीजवळून जाताना पदर सावरून घेते, सोवळ्यात असल्यासारखी. कोणी कोणाला शिवू नये म्हणून, ते कळत नाही.


गुरु. २९ फेब्रु.

दुपारचं स्वप्न, किंवा नुसती दुपार. बादलीत वाकून बघतेय, तळ दिसत नाही. खूप खाली एक घाट आहे. माणसं अंघोळ करताहेत. वि. तिथे पायऱ्यांवर बसलेला, चपला हातात. मी हाक मारते, तोंडातून बुडबुडे येतात. तो वर बघतो. ऐकू आलं की नाही ते समजत नाही.

जाग आली तेव्हा आई समोर बसून वाती वळत होती. म्हणाली, "लिही त्याला. माझ्यामुळे झालं म्हणून लिही. माझी काही ना नाही."


मंगळ. ५ मार्च

बाहेर रंग. दारं लावून घरात. त्याचं कार्ड कालच आलं होतं. तीन आठवडे माझं काही नाही, म्हणून: "आकडे आले नाहीत. टाकी फुटली का?" खाली ओहोटीच्या वेळा आहेतच.

फणीच्या डब्ब्याखालचं कार्ड काढलं. अजून पाठवता येईल. पुन्हा तपासलं तर आजही तेच आकडे येतील. गोगलगायी दुसऱ्या मिळतील, फूलही मिळेल. त्याला कळणार नाही. तो मार्चअखेर हो कळवेल. मग तो या घरात राहील, त्याच कळशीचं पाणी पीत, आणि मी दर मंगळवारी शून्य लिहीत जाईन.

फाडलं.


रवि. १० मार्च

सकाळी फुलाची एक बाजू किंचित फुगलेली वाटली. उजेड बदलला असेल. संध्याकाळी पुन्हा मिटलेलं. काही लिहिण्यासारखं नाही.

नानांनी विचारलं, आता कळशीत काय ठेवायचं? आई म्हणाली, जे ठेवतो तेच. तिने भर घालायला काचेची बरणी काढली आहे, लोणच्याची होती, तीनदा उकळून घेतली. वास येतो का बघ म्हणाली. येत नाही.


सोम. ११ मार्च

आज पाकिटात घालून पाठवलं. पोस्टकार्ड नाही. इथे उतरवून ठेवते.

विनय यांस,

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ८.१. हे आकडे खरे आहेत आणि पुरेसे नाहीत. गोगलगायी सगळ्या मेल्या. मासे चांगले आहेत. समुद्रफूल मी वेगळ्या पाण्यात ठेवलं आहे. जिवंत आहे, उघडत नाही. ते उघडेल की नाही, सांगता येत नाही.

कारण तांबं. माझी आई रोज टाकीत तांब्याच्या कळशीतलं गंगेचं पाणी भरत होती. ते आमच्या घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी आहे. तिला मी दोष देत नाही, तुम्हीही देऊ नये. तेरा फेब्रुवारीच्या कार्डाच्या वेळी हे मला कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं आणि मी तुम्हाला लिहिलं नाही.

स्टेशनवर तुम्ही म्हणालात ते मी शब्दशः घेतलं, कारण मोजणं मला सोपं जातं. पण तुमचा निर्णय टाकीवर ठेवू नका. तुम्ही इथे आलात तर आई तुम्हालाही तिच्याकडचं सगळ्यांत चांगलं देईल, आणि त्यातलं काही तुम्हाला सोसणार नाही. तेव्हा तुम्ही बोलायला हवं. या फुलाला बोलता आलं नाही. मलाही ते फारसं येत नाही, शिकेन.

तुम्ही यावं असं मला वाटतं. हे मी आजवर म्हटलं नव्हतं.

येणार की नाही, ते पाडव्यापर्यंत, म्हणजे बुधवार, २० मार्चपर्यंत कळवावं.